दोराच्या शिबिरातून बचावकार्याचा निधी: गोव्यातल्या डोंगरी गटांसाठी

गोव्यात डोंगर-धबधब्यांवरचे अपघात मुख्यतः पावसाळ्यात होतात आणि दोराचं काम (दोराने कड्यावरून उतरणं, अडकलेल्याला सोडवणं) शिकवण्याजोगी हवा दिवाळीनंतर सुरू होते. प्रशिक्षणातून बचावनिधी उभारणाऱ्या गटाने वर्षाचं वेळापत्रक याच दोन गोष्टींवर बसवावं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी शिबिरं घ्यायची, मार्चमध्ये हिशेब बंद करायचा, एप्रिल-मेमध्ये बचावसाहित्य घ्यायचं आणि मिरगाच्या आधी ते तपासून, नंबर टाकून जागेवर ठेवायचं. खरेदी जूनवर ढकलली की पहिला कॉल येतो तेव्हा दोर अजून कुरियरमध्ये असतो.

गरज किती खरी आहे ते जुलै २०२३ मध्ये दिसलं. नेत्रावळी अभयारण्यातल्या मैनापी धबधब्यात दोघे बुडाले, आणि त्याच महिन्यात सत्तरीतल्या पालीच्या धबधब्यावर गेलेले शंभराहून जास्त लोक नदी फुगल्यामुळे अडकले. त्यानंतर वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर बंदी घातली. किनाऱ्यावर पगारी जीवरक्षक आहेत. चोर्ला, चरावणे, हिवरे किंवा बामणबुडो इथल्या धबधब्यांवर तशी व्यवस्था नाही. तिथे आधी पोचतात ते गावातले तरुण, बहुधा रिकाम्या हातांनी. त्यांच्या हातात साहित्य आणि अंगात सराव यावा, यासाठी हा सगळा खटाटोप आहे.

आधी भूमिका स्पष्ट करा

बचावाची अधिकृत जबाबदारी अग्निशमन व आपत्कालीन सेवा, पोलीस आणि अभयारण्यात वनखातं यांच्याकडे आहे. स्वयंसेवी गट त्यांना पूरक असतो. म्हणून पहिलं शिबिर जाहीर करण्याआधी आपल्या भागातल्या अग्निशमन केंद्रात (सत्तरीत वाळपई, दक्षिणेत कुडचडे किंवा काणकोण) जाऊन अधिकाऱ्यांना लेखी कळवा: आम्ही कोण, कुठल्या गावांत पोचू शकतो, साहित्य काय आहे, रात्री फोन कोण उचलेल. त्यांचा एखादा जवान शिबिराला आला तर फारच उत्तम. दोन्ही बाजूंच्या गाठी आणि हाका एकच असल्या की प्रत्यक्ष प्रसंगी गोंधळ होत नाही.

दुसरी गोष्ट ठरवून कागदावर लिहा: ज्याला वाचवलं त्याच्याकडून पैसे घेणार नाही, मागणारही नाही. बिल येईल या भीतीने लोक फोन करायला उशीर करतात आणि त्या उशिरात माणूस जातो. सह्याद्रीत लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स अशा संस्थांनी स्वयंसेवेच्या बळावरच नाव कमावलं आहे. त्यांच्यासारख्या गटांतला अनुभवी माणूस पहिल्या दोन शिबिरांना निरीक्षक म्हणून बोलवा. त्याचा प्रवासखर्च हा या सगळ्या उद्योगातला सर्वांत सत्कारणी लागणारा खर्च आहे.

शिकवणारे कोण

चार शिकाऊंमागे एक प्रशिक्षक, हे प्रमाण मोडू नका. मुख्य प्रशिक्षकाने उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणी बेसिक आणि अॅडव्हान्स्ड कोर्स केलेला असावा. सर्च अँड रेस्क्यूचा कोर्स असेल तर आणखी चांगलं. सहायकांसाठी प्रमाणपत्रापेक्षा एक कसोटी महत्त्वाची: दोरावर मध्येच अडकलेल्या माणसाला दहा मिनिटांच्या आत सुखरूप खाली आणून दाखवता येतं का? हार्नेसमध्ये (कमरेला-मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांत) निश्चल लटकलेला माणूस काही मिनिटांतच बेशुद्ध होऊ शकतो. ज्याला ही सुटका जमत नाही त्याने कड्याच्या तोंडाशी उभं राहून कुणाला खाली सोडू नये.

बचावपथकातले सगळेच एका शिबिरात गुंतवू नका. त्या दोन दिवसांत कॉल आला तर निघता येतील असे किमान चार जण मोकळे ठेवा.

जागा: चिऱ्याचा दगड फसवतो

गोव्यातल्या बऱ्याच टेकड्यांवर जांभा आहे, आणि जांभ्यावर अँकर (दोर अडकवायचा आधार) लावायचा नाही. तो सच्छिद्र असतो, बोल्ट धरत नाही, बाहेरून टणक दिसणारी कड आतून भुसभुशीत असते आणि ओला झाला की तुकडेच्या तुकडे सुटतात. सड्यावर मातीचा थर पातळ असल्यामुळे झाडांची मुळंही खोल जात नाहीत. जाड बुंधा दिसला म्हणून दोर बांधू नका. दोघांनी जोर लावून हलवून पाहा, बुडाशी माती उचलली जाते का बघा, आणि पट्टा बुंध्याला जमिनीलगतच घाला.

चोर्ल्याच्या बाजूला बेसाल्ट मिळतो, चंद्रनाथाच्या डोंगरावर आणि काणकोणात ग्रॅनाइट. तो दगड विश्वासाचा, पण जागा कुणाची ते आधी विचारा. अभयारण्यात वनखात्याची लेखी परवानगी लागते, कोमुनिदादच्या (गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेच्या) जमिनीला कोमुनिदादची, देवस्थानाच्या डोंगरावर देवस्थान समितीची. सत्तरीतल्या देवराईतल्या झाडाला कुठल्याही कारणासाठी दोर बांधू नये. गावाचा विश्वास एकदा गेला की पावसाळ्यात वाट दाखवायला कुणी येत नाही.

पहिल्या दोन-तीन शिबिरांसाठी खरं तर डोंगर नकोच. शाळेची किंवा पंचायत सभागृहाची दोन मजली इमारत पुरते. दोर आरसीसी खांबाला बांधा, कठड्याला कधीही नाही. चिऱ्यांचा कठडा आडव्या ओढीने सरळ उपटून येतो.

जागा पाहायला आदल्या आठवड्यात जा आणि वर मान करून कडा नीट न्याहाळा. आग्यामोहोळ असेल तर ती जागा रद्द. धूर, अत्तर, आरडाओरडा, कशानेही ते उठतं आणि दोरावर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि हा आजार गोचिडांमुळे पसरतो; त्याचा जोर नेमका शिबिरांच्या दिवसांत, डिसेंबर ते मे असतो. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, उघड्या अंगाला डेपा तेल (गोचिडांना दूर ठेवणारं), पालापाचोळ्यावर बसायचं नाही आणि घरी गेल्यावर गरम पाण्याने अंघोळ, ही सूचना नोंदणीच्या वेळीच द्या.

साहित्य: दोन संच, दोन कुलपं

शिबिराचा दोर आणि बचावाचा दोर वेगळा, हा नियम सर्वांत आधी मोडला जातो आणि सर्वांत महाग पडतो. शिकाऊ माणूस दोरावर पाय देतो, कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी) दगडावर पाडतो, लाल धूळ दोराच्या आत शिरून धागे कापत राहते. असा दोर शिबिरासाठी आणखी काही काळ चालेल. जुलैच्या रात्री दोन माणसांचा भार घेऊन कड्यावरून सोडण्यासाठी चालणार नाही. शिबिराच्या साहित्याला पिवळी टेप, बचावाच्या साहित्याला लाल टेप, कपाटं वेगळी, चाव्या वेगळ्या माणसांकडे.

सोळा जणांच्या शिबिरासाठी साधारण एवढं लागतं. स्टॅटिक (कमी ताणले जाणारे) दोर १०.५ किंवा ११ मिमीचे, ५० मीटरचे चार: दोन उतरायला, दोन वरून बिले द्यायला, म्हणजे उतरणाऱ्याला आधाराच्या दुसऱ्या दोराने धरून ठेवायला. एकाच अँकरवर दोन्ही दोर बांधले तर दुसऱ्या दोराला अर्थ राहत नाही, म्हणून अँकरही स्वतंत्र. बसायचे हार्नेस १२ आणि गिर्यारोहणाची हेल्मेटं २२. मोटरसायकलचं हेल्मेट चालत नाही, त्यात ऐकू येत नाही आणि मान आखडते. स्क्रू-लॉक कॅराबिनर ३०, त्यावर लांबीच्या दिशेची ताकद २२ किलोन्यूटन किंवा जास्त कोरलेली असावी. एक किलोन्यूटन म्हणजे सुमारे १०२ किलोचा भार. तोच कॅराबिनर आडवा पडला तर जेमतेम ७-८ किलोन्यूटन सोसतो, हे शिकाऊंना हातात देऊन दाखवा. डिसेंडर (उतरताना दोराला घर्षण देणारं साधन) १०, पट्ट्याच्या स्लिंग १२, प्रूसिकसाठी (दोरावर पकड घेणाऱ्या गाठीसाठी) ६ मिमी दोरी २० मीटर, प्रत्येकाला चामड्याचे हातमोजे. कडेवर दोर घासू नये म्हणून जाड कॅनव्हास, किंवा अग्निशमन दलाच्या बाद झालेल्या होजचे मीटरभराचे तुकडे. मागितले तर ते बहुधा मिळतात.

दोर, हार्नेस, स्लिंग यांवर निर्मितीचं वर्ष असतं. वापरलं नाही तरी दहा वर्षांनंतर ते बाद. जोराचा झटका बसला, आवरण फाटलं, हात फिरवताना आत मऊ किंवा पोकळ जागा लागली, की त्याच दिवशी कापून टाका. कोपऱ्यात ठेवलेला बाद दोर कुणीतरी परत वापरतोच. धुवायचा तो साध्या पाण्याने, वाळवायचा सावलीत, आणि गाडीच्या बॅटरीजवळ कधीच ठेवायचा नाही, कारण आम्लाने झालेली हानी डोळ्यांना दिसत नाही. किनाऱ्याजवळ साहित्य ठेवत असाल तर खाऱ्या हवेने कॅराबिनरचं फाटक जाम होतं. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुऊन, सुकवून बिजागरीला थेंबभर सिलिकॉन द्या.

दोन दिवसांत काय शिकवायचं

पहिला दिवस सगळा जमिनीवर. सकाळी पाचच गाठी: फिगर ऑफ एट, क्लोव्ह हिच, इटालियन हिच, प्रूसिक आणि डबल फिशरमन. पंधरा गाठी दाखवल्या की एकही लक्षात राहत नाही. प्रत्येक गाठ डोळे मिटून बांधता येईपर्यंत पुढे जायचं नाही. दुपारी अँकर. इथे कोनाचा धडा अवश्य घ्या, कारण तो सहज पटत नाही: १०० किलोचा भार दोन पट्ट्यांवर टांगला आणि पट्ट्यांमधला कोन ६० अंश असला तर प्रत्येक पट्ट्यावर सुमारे ५८ किलो येतात, ९० अंशांना ७१ आणि १२० अंशांना पूर्ण १००. पट्टे ताणून लांब बांधले की अँकर मजबूत होतो, हा समज इथेच मोडतो. कोन ६० च्या आत ठेवायचा. संध्याकाळी प्रथमोपचार: रक्तस्राव दाबून थांबवणं, मणक्याची शंका असलेल्या माणसाला न हलवणं, सीपीआर, आणि १०८ ला फोन करताना ठिकाण कसं सांगायचं. धबधब्याचं नाव रुग्णवाहिकेला पुरत नाही. शेवटचं मंदिर किंवा बसथांबा, तिथून पायवाटेचं अंतर, आणि मोबाईलला रेंज कुठे मिळते ते सांगावं लागतं.

दुसऱ्या दिवशी रॅपलिंग (दोराने कडा उतरणं), आधी पाच मीटर, मग बारा-पंधरा. प्रत्येक जण कडेवर येण्याआधी प्रशिक्षक हात लावून तपासतो: हार्नेसचा बकल, कॅराबिनरचा स्क्रू, डिसेंडरमधला दोर, हेल्मेटचा पट्टा, केस आणि ओढणी आत. दुसरा प्रशिक्षक तेच पुन्हा तपासतो. कडेवरचा प्रशिक्षक स्वतः बांधलेला हवा. अपघात अनेकदा शिकवणाऱ्याचाच होतो, कारण सवयीने तो कडेवर मोकळा वावरतो.

चुका कुठे होतात ते माहीत असतं, म्हणून तयारीही तशीच हवी. दोराच्या शेवटी गाठ नसली तर उतरणारा टोकावरून निसटतो. पाय जवळ ठेवून उभं राहिलं की तोल जाऊन माणूस कड्यावर आपटतो. पाय खांद्याएवढे फाकवून, कंबर मागे टाकून बसल्यासारखं उतरायला सांगा. टी-शर्ट किंवा केस डिसेंडरमध्ये गेले की सगळं थांबतं, आणि त्या वेळी कुणी चाकू काढला तर ताणलेला दोर पात्याच्या नुसत्या स्पर्शाने तुटतो. यावर उपाय आधीच केलेला असावा. उतरायचा दोर अँकरला कायमच्या गाठीने बांधायचा नाही. इटालियन हिच घालून, वर कुलूपगाठ मारून ठेवायचा. बिलेच्या दोरावर भार घेऊन माणसाला थोडं उचललं की अडकलेलं कापड सुटतं, किंवा कुलूपगाठ सोडून दोन्ही दोरांवर त्याला तसंच हळूहळू खाली सोडता येतं. हे प्रात्यक्षिक प्रत्येक शिबिरात एकदा मुद्दाम करून दाखवा.

दुपारचा शेवटचा तास पाण्यासाठी. गोव्यातला धोका कड्यापेक्षा कोंडीत, म्हणजे खोल डोहात, जास्त आहे, त्यामुळे इथलं शिबिर रॅपलिंगवर संपवणं म्हणजे अर्धंच शिकवणं. १५ ते २० मीटर तरंगत्या दोराची फेकपिशवी प्रत्येकाने पाच वेळा फेकावी. नेम बुडणाऱ्याच्या डोक्याच्या पलीकडे, म्हणजे दोर त्याच्या खांद्यावर पडतो. आणि एक गोष्ट ठासून सांगा: वाहत्या पाण्यात उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून सोडायचं नाही. दोर ताणला की प्रवाह त्याला पाण्याखाली दाबून धरतो आणि काठावरचे जितकं ओढतील तितका तो खाली जातो. गावागावांत ही चूक मदतीच्या भावनेनेच होते, म्हणून ती अधिक जीवघेणी.

पैशांचं गणित

उदाहरणादाखल माणशी ३,५०० रुपये शुल्क धरू. सोळा जणांचे ५६,००० जमा. चार प्रशिक्षकांचं मानधन दोन दिवसांचं दररोज १,५०० प्रमाणे १२,०००. जेवण-चहा २२ माणसांचा (दोन मदतनीस धरून) रोज ३५० प्रमाणे १५,४००. टेम्पो ५,०००. साहित्याची झीज शिकाऊमागे २५० म्हणजे ४,०००, अपघात विमा १५० प्रमाणे २,४००, जागा आणि परवानगी २,०००, किरकोळ शिकाऊमागे १०० प्रमाणे १,६००. एकूण खर्च ४२,४००, शिल्लक १३,६००.

आता हेच गणित नऊ जणांसाठी मांडा. जमा ३१,५००, पण तिसरा प्रशिक्षक लागतो, त्यामुळे खर्च ३०,३०० आणि उरतात १,२००. आठ जण असते तर २,६०० उरले असते! तेरा जणांपेक्षा बारा जण परवडतात, तेही याच कारणाने. म्हणून जागा चारच्या पटीत भरा: आठ, बारा किंवा सोळा. नवव्याला पुढच्या तारखेला बोलवा. त्याच्यासाठी प्रशिक्षकांचं प्रमाण ताणलंत तर पैसे वाचतील आणि सुरक्षा जाईल.

मानधन न घेणारे प्रशिक्षक असतील तरी ते खर्चात दाखवा, मग त्यांनी हवं तर देणगी म्हणून परत द्यावं. नाहीतर शिबिर आहे त्यापेक्षा स्वस्त वाटतं आणि पुढच्या वर्षी ती माणसं नसली की हिशेब कोसळतो. झिजेचे २५० रुपये वेगळ्या खात्यात टाका. ते निधी नव्हेत, ते संपलेल्या दोराचे पैसे आहेत.

शुल्क सगळ्यांना सारखं नको. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्या आणि साहसी सहली नेणारी हॉटेलं पूर्ण किंवा दीडपट शुल्क देऊ शकतात. त्यातून कुळ्याचे जीपचालक, वाळपईचे कॉलेजचे विद्यार्थी, धबधब्याजवळच्या गावांतले तरुण यांच्या जागा निम्म्या दरात किंवा मोफत ठेवा. जुलैत आधी पोचणार आहेत ते हेच. तारखा ठरवताना २० डिसेंबर ते ५ जानेवारी टाळा, गाड्या आणि खोल्या दुप्पट दराने मिळतात; कार्निव्हल, शिगमो आणि त्या गावची जत्रा हेही पाहून घ्या.

पावत्या, कर आणि परदेशी पैसा

संस्था नोंदलेली हवी, खातं संस्थेच्या नावाचं हवं. खजिनदाराच्या स्वतःच्या यूपीआयवर शुल्क घेणं सोयीचं वाटतं, पण संस्थेत फूट पडते ती इथूनच. शिबिराचं शुल्क आणि देणगी यांची पावतीपुस्तकं वेगळी ठेवा. शुल्काच्या बदल्यात प्रशिक्षण मिळालेलं असतं, त्यामुळे त्यावर ८०जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आयकर सवलतीची पावती देता येत नाही. देणगीवर देता येते, तीही संस्थेला मान्यता असेल तर, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत नाही. शिबिरांचे हिशेब वेगळ्या वहीत ठेवा, कारण धर्मादाय संस्थेच्या शुल्काच्या उत्पन्नाकडे करखातं बारकाईने पाहतं. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली तर जीएसटी नोंदणी लागते. कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी हवा असेल तर सीएसआर-१ नोंदणी आणि तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं, म्हणून पहिल्या वर्षापासून कागद जपा.

गोव्यात विशेष सांभाळायचं ते परदेशी देणगीचं. एफसीआरए (परदेशी देणग्यांचं नियमन करणारा कायदा) खालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय परदेशी नागरिकाकडून देणगी घेता येत नाही. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला आपलाच गाववाला, ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) कार्ड असलं तरी, या कायद्याने परदेशी स्रोत ठरतो. भारतीय पासपोर्ट असलेला आखातातला गोंयकार मात्र स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतो. परदेशी पर्यटकाने शिबिराचं नेहमीचं शुल्क भरणं वेगळं, ती दिलेल्या सेवेची किंमत आहे. त्याने वर 'ठेवा' म्हणून दिलेली नोट मात्र नम्रपणे परत करा. शिबिराच्या जागी उघडी देणगीपेटी ठेवूच नका, कारण कुणी काय टाकलं ते सांगता येत नाही.

विमा घेताना साहसी खेळ वगळले आहेत का ते पॉलिसीत वाचा. साध्या अपघात विम्यात ते बऱ्याचदा वगळलेले असतात. संमतिपत्र घ्या, अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची सही घ्या, फिट येणं, दमा, हृदयविकार, गरोदरपण, अलीकडची शस्त्रक्रिया यांची विचारणा करा. पण संमतिपत्राने निष्काळजीपणा माफ होत नाही, हे प्रशिक्षकांना माहीत असू द्या. हार्नेसचा पट्टा कंबरेच्या हाडावर घट्ट बसत नसेल तर त्या व्यक्तीला दोरावर सोडायचं नाही, शुल्क परत करायचं.

निधी खर्च करताना

पहिल्या वर्षी लोकांना स्ट्रेचर घ्यावंसं वाटतं, कारण त्याचा फोटो चांगला येतो. आधी घ्यायच्या वस्तू साध्या आहेत: सहा फेकपिशव्या, सहा लाइफ जॅकेटं, शिट्ट्या, डोक्यावरचे दिवे आणि त्यांचे सुटे सेल, ५० मीटरचे दोन नवे दोर, दोन पुली. दोन पुलींत तीनास एकची ओढयंत्रणा उभी राहते, म्हणजे कागदावर तिप्पट फायदा. घर्षण वजा जाता प्रत्यक्षात अडीचपटीच्या आसपास फायदा मिळतो, आणि चार माणसं एकाला वर घेऊ शकतात. स्ट्रेचर दुसऱ्या वर्षी, ते उचलायला आळीपाळीने किमान बारा जण सराव केलेले असतील तेव्हा.

मेच्या शेवटी प्रत्येक देणगीदाराला आणि शिबिरार्थीला एक पान पाठवा: किती जमले, किती खर्च झाले, कुठली वस्तू कुठल्या गावात कुणाच्या ताब्यात आहे. ताबेदाराचा फोन नंबर फक्त अग्निशमन केंद्राला आणि पंचायतीला द्या. साहित्य धबधब्यापासून तासाभराच्या आत पोचेल अशा घरी हवं. पणजीतल्या कपाटातला दोर मैनापीला उपयोगाचा नाही. जूनच्या पहिल्या रविवारी सगळे ताबेदार एकत्र बोलवून नोंदवहीप्रमाणे नंबर लावून तपासणी करा, जे बाद वाटेल ते तिथेच कापा, आणि नोंदवहीची एक प्रत अग्निशमन केंद्रात देऊन पोच घ्या.